आयातीची वाट

परकीय व्यापार खुला केल्याने विकसनशील देशाच्या आर्थिक वाढीला गती कशी मिळते, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा निर्यातीभोवतीच फिरत राहते. भारताच्या 1991 नंतरच्या अनुभवात मात्र अधिक शिकण्यासारखी बाजू आयातीची आहे.

24 जुलै 1991 रोजी तत्कालीन अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात आयात शुल्काचा, म्हणजे परदेशी माल देशात येताना त्यावर बसणाऱ्या कराचा, कमाल दर 150 टक्क्यांवर आणला गेला आणि 1995-96 पर्यंत तो 50 टक्क्यांवर उतरला. ग्राहकोपयोगी वस्तूंवरील निर्बंध 2001 पर्यंत टिकले, परंतु यंत्रे, सुटे भाग आणि कच्चा माल यांच्यावरील परवान्यांचे बंधन बव्हंशी लवकर सुटले. पूर्वी एखादे यंत्र बाहेरून आणायचे तर तसे देशात तयार होत नाही, हे कारखानदाराला दाखवून द्यावे लागे. उद्योगांना दिलेले संरक्षण असे उद्योगांनाच महाग पडत होते. गोल्डबर्ग, खंडेलवाल, पावचनिक आणि टोपालोव्हा या अभ्यासकांनी 2010 मध्ये दाखवून दिले की, त्या काळात भारतीय कंपन्यांनी काढलेल्या नव्या उत्पादनांपैकी सुमारे 31 टक्के उत्पादनांचे श्रेय निविष्टांवरील, म्हणजे उत्पादनासाठी लागणाऱ्या मालावरील, शुल्ककपातीला जाते.

यंत्रमागांच्या इचलकरंजी शहरात याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. साध्या यंत्रमागावर आडवा धागा धोट्याबरोबर इकडून तिकडे जातो आणि धोट्यातील कांडी संपली की माग थांबवून ती बदलावी लागते. परदेशातून आलेल्या शटललेस, म्हणजे बिनधोट्याच्या, मागावर तोच धागा मोठ्या कोनावरून थेट ओढला जातो, त्यामुळे वेग वाढतो, कापड रुंद पन्ह्याचे निघते आणि एक कामगार अधिक माग सांभाळतो. कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्याचे काम मात्र त्या मागावर उरतच नाही.

व्यापार खुला झाल्याने काम जाण्याचे असे नुकसान देशाच्या सरासरी वाढदरात दिसत नाही, आणि म्हणूनच ते वेगळे मोजणे अगत्याचे आहे. टोपालोव्हा यांनी ते जिल्हावार मोजले, तेव्हा शुल्ककपातीची झळ ज्या ग्रामीण जिल्ह्यांना अधिक बसली तेथे दारिद्र्य इतरत्र घटले तितक्या वेगाने घटले नाही, असे आढळले, कारण बुडालेल्या धंद्यातील माणसे दुसऱ्या धंद्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात फारशी गेलीच नाहीत. अशांसाठी 1992 मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारण्यात आला होता. त्यातील बहुतेक पैसा केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला आणि कामगारांना नवे काम शिकविण्याच्या वाट्याला फारच थोडा आला.