दोष ठिपक्यात असतो



स्वागत समितीच्या आणि समस्त करवीरकरांच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. सूक्ष्मदर्शक आणि लेसर वर्णपटमिती यांच्या मिलाफावरची ही परिषद कोल्हापुरात भरते आहे आणि स्वागताचा मान एका फौंड्रीवाल्याला मिळाला आहे, याचा मला अभिमान वाटतो. उद्यमनगरातल्या ऑइल इंजिनांपासून शिरोली, गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांपर्यंत या गावाने पिढ्यान्‌पिढ्या बीड ओतलं आहे. धातूशी आमचं नातं जुनं आहे. त्याच्या पोटात काय दडलंय, हे जाणून घेण्याची तहानही तितकीच जुनी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यातून गेलेला एक लॉट परत आला. मशिनिंग करताना टूल तुटत होतं. आम्ही स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे आमच्या भाषेत स्पेक्ट्रोचा, रिपोर्ट काढला. कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज, मॅग्नेशियम सगळं मर्यादेत होतं. मग कास्टिंग कापलं, पॉलिश केलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. ग्रॅफाइटच्या गोल गाठींच्या मध्ये एक गडद, वेडावाकडा कण दिसला. मेल्टिंगवाले म्हणाले, ही वाळू. मोल्डिंगवाले म्हणाले, हा ड्रॉस, वितळलेल्या धातूवरची मळी. कण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण तो कशाचा बनला आहे हे डोळ्याला सांगता येत नव्हतं. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर वाळूवर संशय धरून आम्ही साचे सुधारत बसलो. कण निघाला मॅग्नेशियमयुक्त सिलिकेटचा, म्हणजे ड्रॉस. चूक भट्टीपाशी होती.

त्या तीन आठवड्यांनी मला एक गोष्ट शिकवली. स्पेक्ट्रोची ठिणगी काही मिलिमीटरच्या जागेवर पडते आणि त्या जागेची सरासरी सांगते. ती सरासरी खरीच होती. पण कास्टिंग सरासरीमुळे नापास होत नाही, एका ठिपक्यामुळे होतं. जिथे नजर खिळते, नेमक्या त्याच ठिपक्याला ‘तू कोण’ असं विचारता आलं पाहिजे. या परिषदेचा विषय माझ्यासाठी एवढ्या एका वाक्यात सामावतो.

हे विचारण्याचे दोन मार्ग आपण पुढचे दोन दिवस चर्चेला घेणार आहोत. पहिल्या मार्गात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातूनच लेसरचा क्षणार्धाचा स्पंद त्या कणावर सोडतात. कणाचा अगदी थोडा भाग उडून दहा हजार अंशांपेक्षा तप्त प्लाझ्मा होतो आणि विझता विझता प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक रंगरेषा सोडून जातं. यालाच आपण लिब्ज म्हणतो. नमुना निर्वात कप्प्यात ठेवावा लागत नाही आणि उत्तर काही सेकंदांत मिळतं. लिथियमसारखी हलकी मूलद्रव्यंही यात सापडतात. मात्र जागेवर एक सूक्ष्म खड्डा उरतो, हे विसरून चालत नाही.

दुसरा मार्ग रामन यांचा. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांना जो परिणाम दिसला, त्यात विखुरलेल्या प्रकाशाचा कोटीत एखादा कण आपला रंग बदलतो. इतका क्षीण संकेत सूक्ष्म कणावरून टिपायला 1960 साली जन्मलेल्या लेसरची वाट पाहावी लागली. 1970च्या दशकात फ्रान्समधल्या लील इथे देलाये आणि दामलँकूर यांनी लेसर आणि सूक्ष्मदर्शक यांची रामनसाठी सांगड घातली आणि एका मायक्रॉनच्या आसपासच्या कणाचा वर्णपट हाती येऊ लागला.

दोन्ही मार्ग एकमेकांना पूरक का आहेत, ते कार्बनवरून कळतं. लिब्जला हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच दिसतात. रामन वर्णपटात मात्र हिऱ्याची रेषा 1332 प्रति सेंटिमीटरवर येते, ग्रॅफाइटची 1580च्या आसपास. एक मार्ग द्रव्य सांगतो, दुसरा त्याची घडण सांगतो. उलट, निव्वळ लोखंडाकडून रामनला काही मिळत नाही. तिथे लिब्जच कामाला येतं. आमच्या वादातही लिब्जमध्ये मॅग्नेशियमची रेषा दिसली असती तर ड्रॉस, आणि रामनमध्ये 464ची क्वार्ट्झची रेषा दिसली असती तर वाळू, असा निवाडा त्याच दुपारी झाला असता.

ऑगस्ट 2023मध्ये चंद्रयान-3च्या प्रज्ञान रोव्हरवरील लिब्ज उपकरणाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ गंधकाचं अस्तित्व दाखवून दिलं. चंद्रावरच्या मातीला आपण जागेवर प्रश्न विचारू शकलो. मग शिरोलीतल्या कास्टिंगला तोच प्रश्न विचारायला तीन आठवडे लागू नयेत, ही माझी या व्यासपीठाकडे कळकळीची मागणी आहे. उपकरणं महाग आहेत, एकेका लहान फौंड्रीला ती परवडणारी नाहीत. पण वसाहतीत मिळून एक केंद्र उभारता येईल. आणि वर्णपट वाचणारी मुलं-मुली आमच्याच आयटीआय आणि महाविद्यालयांतून घडवता येतील, शिकवणारे त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलले तर.

म्हणून उद्या दुपारचं सत्र आम्ही मुद्दाम मोकळं ठेवलं आहे. परिसरातले फौंड्रीवाले आपापले नापास नग कापून, पॉलिश करून घेऊन येतील. शास्त्रज्ञ मंडळींना माझी विनंती आहे, त्यांच्या शेजारी बसून तो ठिपका बघा. तो बघताना आपल्याला जे दिसेल, ते त्यांनाही मोकळेपणाने सांगा. आपल्या दोन दिवसांच्या मुक्कामात काही उणं राहिलं, तर स्वागत समितीला हक्काने सांगा. आपल्या येण्याने या गावाच्या भट्टीला नवी नजर लाभणार आहे. पुन्हा एकदा, कोल्हापुरात आपलं स्वागत.