कापडाची महागाई आणि वाकळ शिवणाऱ्या आपल्या भगिनी
(अमडापूर येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या चालकांनी मला कापडाच्या महागाईवर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. जन्मभर मुलांना पाढे शिकविणाऱ्या माणसाला बाजारपेठेचे मर्म काय ठाऊक असणार? परंतु आपण शिंपी. ज्या नामदेवरायांचे नाव आपण घेतो, त्यांनी सुई, दोरा व कातर यांची रूपके योजून ईश्वराचे स्तवन केले. तेव्हा कापडाविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही आहे, असे समजून मी उभा राहिलो आहे.

कापड महागले की दुकानदार कुरकुरतो, गिऱ्हाईक कुरकुरते आणि आपला शिलाईकाम करणारा बंधूही कुरकुरतो. परंतु या महागाईची झळ एका ठिकाणी फार उशिरा पोहोचते, आणि एकदा पोहोचली म्हणजे तेथून हलत नाही. ते ठिकाण म्हणजे आपल्या आळीतील वाकळ शिवणाऱ्या बायांची ओसरी.

वाकळ अथवा गोधडी कशी होते हे जुन्या मंडळींना सांगावयास नको, मुलांसाठी सांगतो. नऊवारी लुगडे नेसून नेसून विरले, काठ सुटले, म्हणजे ते धुऊन बाजूस ठेवावयाचे. अशी तीन-चार लुगडी, एखादे जुने धोतर, सदऱ्यांच्या पाठी आणि शिलाईच्या कातरणातील बरे तुकडे जमले की चैत्र-वैशाखात ओसरीवर अंथरावयाचे. खाली एक लुगडे, वर एक लुगडे, मध्ये चिंध्यांचे थर. प्रथम मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यावयाचे आणि मग कडेपासून आत धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावयाचे. आमच्या मातोश्री दुपारची भांडी झाली की बसत, त्या दिवे लागणीपर्यंत. त्यांच्या अंगठ्याजवळच्या बोटाला सुईने घट्टा पडला होता. त्या वाकळीला दोऱ्यापलीकडे विकतचे काही लागत नसे. नवे कापड अंगाला, जुने अंथरुणाला, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की घरात सुती वस्त्र येतच राहील. आज घेतलेले लुगडे आठ-दहा वर्षांनी वाकळीत जाणार. म्हणून आज सुती कापड महाग झाले आणि घरात सुताऐवजी दुसरे काही आले, तर त्याचा परिणाम वाकळीला आठ-दहा वर्षांनी कळतो. दरम्यान कापडाचा भाव उतरला, तरी पेटीत जे नाही ते नाहीच.

अशी टंचाई आपल्या वडिलांनी पाहिली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सरकारने कापडावर व सुतावर नियंत्रणे आणली. ती उठताच भाव भडकले, आणि १९४८ सालीच पुन्हा नियंत्रणे आली. त्या दिवसांत वाकळीच्या पोटात गोणपाट घालीत, असे वडील माणसे सांगत. परंतु टंचाई सरली आणि लुगडी पुन्हा पेटीत येऊ लागली. आताचे तसे नाही. १९८५ सालच्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली, आणि स्वस्त, न चुरगळणारी, लवकर वाळणारी पातळे घरोघर आली. बायकांनी ती घेतली यात त्यांची चूक नव्हती. विहिरीवरून पाणी आणून धुणे धुणारीला सुकण्याचा वेळ मोलाचा असतो.

मग आली २०२२ सालची तेजी. त्या वर्षी मे महिन्यात रुईच्या एका खंडीला, म्हणजे ३५६ किलोंना, १ लाख रुपयांहून अधिक भाव झाला. सरकारने त्याच वर्षी एप्रिलमध्ये परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठविले. कापसाला क्विंटलमागे दहा हजारांच्या वर भाव मिळाला. पुढे कापूस उतरला. दुकानातील मांजरपाट मात्र त्या मानाने उतरल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही. शिवाय जुलै २०१७ पासून सुती कापडावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहेच.

येथे मला एक खुलासा करावासा वाटतो. आपल्यातील काहीजण कापड महागले की शेतकऱ्याच्या नावाने बोटे मोडतात. ते अन्यायाचे आहे. एक क्विंटल कापूस वटला म्हणजे रुई सुमारे ३४ किलो निघते, बाकी बहुतेक सरकी. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ८,११० रुपये ठरली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयात शुल्क पुन्हा उठविण्यात आले. शेतकऱ्याच्या घरून निघालेली रुई सूत, माग, रंग, आडत आणि वाहतूक अशा किती हातांतून जाऊन थान होते! खामगावला १८७० साली आगगाडी आली ती या कापसासाठीच. कापूस तेव्हापासून गावाबाहेर जातो आणि कापड होऊन दुरून परत येतो. आता तर आपल्या चिखली तालुक्यात सोयाबीनने कपाशीची बरीच जागा घेतली आहे. आणि वाकळ शिवणारी बाई पुष्कळदा कापूस वेचणारीच असते, हेही आपण विसरू नये.

आता मला माझा स्वतःचा दोष सांगावयाचा आहे. तो सांगितल्याशिवाय इतरांना उपदेश करणे मला शोभणार नाही.

माझी कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळासाठी दुपटी व एक वाकळ शिवून घ्यावी म्हणून आमच्या आळीतील एका विधवा भगिनीकडे मी गाठोडे घेऊन गेलो. गाठोड्यात लग्नाकार्यांत आहेर आलेली पाच-सहा पातळे होती. तिने एक पातळ बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाली, "गुरुजी, याले सुई धरत नाही. थर सरकतात. अन् लेकराले घाम येईन." मी घरी परतून पेट्या धुंडाळल्या. आमच्या सौभाग्यवतींच्या पेटीत एकही जुने सुती लुगडे निघाले नाही. शिंप्याच्या घरात! अखेर मांजरपाट व छापील सूत विकत आणावे लागले, आणि त्याचे बिल पाहून मी चरकलो. मजुरी पाचशे रुपये ठरली होती. वाकळ घेऊन ती आली तेव्हा मी चारशे दिले आणि म्हणालो, "कापडच किती महाग पडले, पाहिलेस ना?" तिने पैसे घेतले व ती गेली.

ती वाकळ शिवावयास तिला नऊ दिवस लागले होते. कापडवाल्याशी मी घासाघीस केली नव्हती, कारण त्याच्याकडे छापील भाव होता. कर मी मुकाट्याने दिला. दोऱ्याच्या रिळाचे पैसे दिले. ज्या एका जागी माझे चालण्यासारखे होते, तेथे मी चालविले. पुढे आठ दिवसांनी मी शंभर रुपये घेऊन तिच्याकडे गेलो. तिने ते घेतले, पदराला बांधले आणि पुन्हा टाके घालू लागली. मी काय बोलावे ते मला सुचले नाही. थोडा वेळ उभा राहून परत आलो.

बंधूंनो, मी एकटाच असा नाही, हे मी चौकशी करून सांगतो. वाकळीचा एकूण खर्च आपण डोक्यात ठरवितो, आणि कापड जितके वाढते तितकी मजुरी कापतो. उलट काही वडील मंडळी म्हणतात की चिंध्यांचे काम आपल्या ज्ञातीला कमीपणा आणणारे आहे, बायांनी ते सोडावे. त्यांना मी नम्रपणे विचारतो, सोडून त्यांनी काय करावे? साठीच्या बाईला शिलाई यंत्र पायाने चालवत नाही. सुई मात्र चालते.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. संस्थेने मांजरपाट व सुती छापील कापड थानाने, अकोल्याच्या ठोक बाजारातून, एकदम घ्यावे व वाकळ शिवणाऱ्या भगिनींना खरेदीच्याच भावाने द्यावे. म्हणजे कापडाची रक्कम एका चिठ्ठीवर व मजुरी दुसऱ्या चिठ्ठीवर राहील, आणि एकीत दुसरी बुडणार नाही. ज्यांची शिलाईची दुकाने आहेत त्यांनी सुती कातरण निराळे पोत्यात ठेवावे. आज ते कृत्रिम कापडाच्या तुकड्यांत मिसळून उकिरड्यावर जाते. आणि आहेराविषयी: आपल्या कार्यात पातळांचे ढीग पडतात, ती कोणी नेसत नाही, एका घरून दुसऱ्या घरी फिरतात. दहा पातळांच्या जागी दोन सुती द्या. ती नेसली जातील, विरतील, आणि दहा वर्षांनी कोणाच्या तरी बाळाखाली येतील.

पहिल्या थानासाठी मी माझ्या निवृत्तिवेतनातून एक हजार रुपये आज कार्यवाहांकडे देत आहे. थानांचा जमाखर्च लिहिण्याचे कामही मी विनामोबदला करीन; तेवढे गणित मला येते.