कोटातील नाहीसे झालेले घर

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



या सभागृहात बसलेल्या पुष्कळांचे बालपण मुंबईच्या मांडवी भागात, सॅम्युएल स्ट्रीटच्या परिसरात गेले. त्या वस्तीला सारी मुंबई इस्रायल मोहल्ला म्हणत असे. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली तेथे ‘शाअर हारहमीम’ची स्थापना केली, तीच आपली ‘जुनी मशीद’. तेथून दक्षिणेकडे अर्धा तास चालले की कोटातील टाउन हॉल लागतो. आमच्या पिढीतील मुलांची धाव त्याच्या रुंद पायऱ्यांपर्यंत असे. इमारतीच्या मागील बाजूस नौदलाचा पहारा. पुढे जाण्याची सोय नाही. त्या पहाऱ्याच्या पलीकडे एके काळी एक घर होते. आज मला त्या घराविषयी बोलावयाचे आहे.

निवृत्तीनंतर हाती वेळ आला, तेव्हा मी या घराचा शोध आरंभिला. नाहीशा झालेल्या घराचा शोध घेताना आपण प्रथम भिंती शोधतो. भिंती नसल्या तर नकाशा पाहतो, आणि नकाशाही अपुरा पडला की त्या घरात कोण आले, कोण गेले, याच्या नोंदींकडे वळतो. मीही याच क्रमाने गेलो.

भिंतींची हकीकत थोडक्यात अशी. पोर्तुगीज अमलात मुंबई बेट खंडाने दिले जाई, आणि बेटाच्या खंडकऱ्याचे मोठे घर बंदराकडे तोंड करून उभे होते. ऑक्टोबर १६२६ मध्ये इंग्रज व डच आरमारांनी मिळून मुंबईवर छापा घातला आणि हे घर जाळले. ते पुन्हा उभे राहिले. पुढे १६६१ च्या विवाहकराराने बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक याने बेटाचा ताबा घेतला, तो याच घरात. त्या वेळी घराची मालकीण दोना इग्नेस द मिरांडा ही होती. १६६८ साली राजाने वार्षिक दहा पौंड भाड्याने बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले. कंपनीने त्या घराभोवती तट आणि बुरूज बांधून ‘बॉम्बे कॅसल’ निर्माण केला. किल्ल्याने घर पोटात घेतले, आणि कालांतराने ते त्यातच विरून गेले.

इतके झाल्यावर प्रश्न उरला मालकाचा. परंपरा हे घर गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या नावाशी जोडते. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगालच्या राजाने मुंबई बेट त्याला कायम खंडाने दिले होते. त्याचा वनौषधींवरील ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून पूर्ण झाला. तो संवादरूपात आहे. आंब्याविषयीच्या संवादात मुंबईहून त्याचे कूळ आंब्यांची टोपली घेऊन येते, आणि आपल्या बेटावरील एक झाड वर्षातून दोनदा फळते, असे ओर्ता मोठ्या कौतुकाने सांगतो. कॉलऱ्याचे वर्णन करताना इकडे त्या रोगाला काय म्हणतात तेही तो नोंदवितो, आणि तो शब्द आपल्या ‘मोडशी’चाच आहे. हे वाचताना मला मोठा आनंद झाला. चारशे वर्षांपूर्वीचा एक परदेशी वैद्य आपल्या आजीच्या तोंडचा शब्द कागदावर उतरवितो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु ग्रंथात एक गोष्ट कोठेही आलेली नाही, ती म्हणजे ओर्ता स्वतः कोण होता. त्याचे आईवडील १४९२ साली स्पेनमधून हद्दपार झालेले यहुदी. पोर्तुगालमध्ये त्यांनी आसरा घेतला आणि १४९७ साली तेथील यहुद्यांवर सक्तीने बाप्तिस्मा लादला गेला. गार्सिया १५३४ मध्ये गोव्यास आला. पुढे त्याची आई आणि बहिणीही आल्या. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. १५६८ मध्ये गार्सिया वारला. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. गार्सिया मोशेचे धर्मशास्त्रच सत्य मानीत असे, ही गोष्ट चौकशीत नातलगांच्या जबानीतून बाहेर पडली. १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली गेली.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य आणि स्नेही होता. त्या निजामशाहीची सत्ता चौलच्या बाजूला, आपल्या कोकणातील गावांपर्यंत पोहोचली होती. आपल्या परंपरेप्रमाणे आपले पूर्वज तेथे घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणून तर शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. खाडीच्या एका बाजूला तेली उघडपणे शब्बाथ पाळतो, आणि दुसऱ्या बाजूला सबंध बेटाचा धनी तोच शब्बाथ मनात लपवून ठेवतो. पूर्वजांना मिळालेल्या आसऱ्याची खरी किंमत मला हे कागद वाचतानाच कळली.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. ओर्ताचे थोर चरित्रकार काउंट फिकाल्यो यांनी १८८६ साली, आणि मुंबईचे डॉ. जर्सन द कुन्या यांनी १९०० साली लिहिले. परंतु ओर्ताच्या कुटुंबाची ही कहाणी त्यांच्या लेखनात नाही. ती इन्क्विझिशनच्या दप्तरातून १९३४ साली ऑगुश्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो यांनी प्रकाशात आणली. म्हणजे या यहुदी घराची साक्ष आपल्यापर्यंत पोहोचली ती जाळणाऱ्यांच्या लेखणीतून. कातारिनाच्या श्रद्धेविषयी आपण जे वाचतो, ते तिच्या छळकर्त्यांच्या कारकुनाने लिहिलेले आहे. तिला कबर नाही, भावालाही नाही. येत्या योम किप्पूरला हश्काबा म्हटली जाईल, तेव्हा हझानसाहेबांच्या अनुमतीने ही दोन नावेही घेतली जावीत, अशी माझी विनंती आहे.

आता मोहल्ल्याकडे वळतो. आपली घरे कोणी जाळली नाहीत. आपण कुलुपे लावली, किल्ल्या शेजाऱ्यांच्या हाती दिल्या, त्यांचा निरोप घेतला आणि इकडे आलो. शेजाऱ्यांचे डोळे भरून आले होते, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. पण कोणत्या चाळीच्या कोणत्या मजल्यावर कोणते कुटुंब राहत होते, मेझुझा कोणत्या चौकटीवर होती, मलिद्याचे ताट कोणाच्या घरी मांडले जाई, सिरणी कोणाच्या हातची उत्तम होई, हे जाणणारी माणसे या सभागृहात मोजकीच उरली आहेत. आपल्या नातवंडांना मराठी बोलता येते, पण लिहिता येत नाही. ही नोंद आपण केली नाही, तर ती करणारा दुसरा कोणी नाही.

म्हणून बाहेरच्या मेजावर मी एक कोरी वही ठेविली आहे. प्रत्येकाने घराचा पत्ता, मजला, शेजाऱ्यांची नावे आणि तेथे राहिल्याची वर्षे लिहावीत. जुन्या छायाचित्रांच्या मागे नावे घालावीत. ज्यांच्याने लिहवत नाही त्यांनी सांगावे, तरुणांनी लिहून घ्यावे. आजची वही घरी जाण्यापूर्वी निदान एका पत्त्याने तरी सुरू व्हावी. पहिला पत्ता मी लिहून ठेविला आहे.