घरांतला सरकारी वांटेकरी

अर्धेलीची चाल आपल्याकडे जुनी आहे. जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची, आणि पीक हातीं आलें कीं रास दोघांची. पाऊस रुसला तर दोघांनींही सोसावयाचें. इंग्लंडांत राहणाऱ्या माझ्या भाच्यानें आपल्या घराचा हिशेब मला लिहून पाठविला, तेव्हां ही अर्धेलीच मला आठवली.

त्यानें २०१६ सालीं तेथें पहिलें घर घेतलें. किंमत २,००,००० पौंड. पदरचे १०,०००, बँकेचे कर्ज १,५०,०००, आणि उरलेले ४०,०००, म्हणजे शेंकडा २०, सरकारनें दिले. ‘हेल्प टु बाय’ नांवाची ही योजना इंग्लंडांत २०१३ सालीं निघाली. ती नव्यानें बांधलेल्या घरांनाच लागू होती. लंडनमध्यें २०१६ पासून सरकारचा वांटा शेंकडा ४० पर्यंत जाऊं शकत असे. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर नवे अर्ज घेणें बंद झालें. तोंवर पावणेचार लाखांवर घरें या मार्गानें विकलीं गेलीं होतीं.

पहिलीं पांच वर्षें व्याज नाहीं, हें सर्वांनीं ऐकलें. त्यापुढील कलम मात्र पुष्कळांनीं घाईंत वाचलें असावें. सरकारला परत करावयाचे ते ४०,००० पौंड नव्हेत, तर फेडतेवेळीं घराची जी किंमत असेल तिचा पांचवा हिस्सा. परवां शेजारचें तसेंच घर २,६०,००० ला गेलें. भाचा लिहितो, “मामा, घेतले चाळीस हजार आणि देणें बावन्न हजार! ही सावकारी नव्हे तर काय?”

मीं त्याला कळविलें कीं, बाबा रे, ही सावकारी नव्हे. साठ हजारांची वाढ झाली, तींतले बारा सरकारचे आणि अठ्ठेचाळीस तुझे. किंमत १,८०,००० वर घसरली असती, तर सरकारनें ३६,००० घेऊन तुला मोकळें केलें असतें. दुष्काळ पडला म्हणून मुद्दल सोडणारा सावकार मीं तरी पाहिलेला नाहीं.

पण त्याची दुसरी तक्रार मला खोडतां येईना. सहाव्या वर्षापासून मूळ ४०,००० वर शेंकडा पावणेदोन, म्हणजे सालीना ७०० पौंड, आकार सुरू झाला. त्याचा दर महागाईच्या मानानें आणि वर आणखी एक टक्का याप्रमाणें दरसाल वाढतो, आणि तो कितीही भरला तरी मुद्दलांतला एक पैसाही फिटत नाहीं. अर्धेलीचा मालक धान्याचा वांटा घेतो. वर खंडही मागत नाहीं! बरें, वांटा थोडाथोडा सोडवावा म्हटलें, तर एका वेळीं घराच्या किंमतीचा निदान दहावा हिस्सा भरावा लागतो, आणि किंमत ठरविणाऱ्या तज्ज्ञाची फी आपणच द्यावयाची. एवढी रक्कम आणावी कोठून? बँकेकडूनच. आणि बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर, जो २०२१ च्या डिसेंबरच्या आरंभीं ०.१ टक्का होता, तो २०२३ च्या ऑगस्टांत ५.२५ वर पोंचला होता. बिनव्याजी मुदत सरली ती नेमकी अशा वेळीं.

या सर्वांत बांधकामवाल्यांचें चांगलेंच फावलें. उमरावसभेच्या एका समितीनें २०२२ च्या जानेवारींत म्हटलें कीं, जेथें घरांची गरज अधिक तेथेंच या योजनेनें किंमती मदतीच्या रकमेहूनही अधिक फुगविल्या. सरकारी लेखातपासणी कचेरीला तर २०१९ सालींच आढळलें होतें कीं, शेंकडा ३१ खरेदीदारांना हवें तें घर या मदतीवांचूनही घेतां आलें असतें. माझा भाचा त्यांपैकीं नव्हता. दहा हजार सांठवितांनाच त्याचीं सहा वर्षें भाड्याच्या खोलींत गेलीं होतीं.

तूर्त निम्मा वांटा सोडवावा, असें त्यानें ठरविलें आहे. तज्ज्ञ येत्या मंगळवारीं घर पाहावयास येणार. त्या दिवसापुरता तरी, आपल्याच घराची किंमत कमी ठरावी अशी प्रार्थना करीत तो दाराशीं उभा असेल.