इंग्रजीच्या तासाकडून काय मागावं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पुनर्विकास या विषयांवर बोलायला आपल्याकडे पुष्कळ मंडळी आहेत. म्हणून सेक्रेटरींनी मला सांगितलं, की तुम्ही मुलांच्या शिक्षणावर बोला. हा विषय फार मोठा. मी त्यातला एक छोटा तुकडा घेतला आहे : सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांमधला इंग्रजीचा तास. मी शिक्षक नाही, बँकेतला माणूस आहे. पण निवृत्तीनंतर गेली काही वर्षं रविवारी सकाळी आपल्या हॉलमध्ये या वयाची मुलं माझ्याकडे इंग्रजी वाचायला बसतात. त्यातून जे दिसलं ते सांगतो.

आपली सोसायटी आणि महाराष्ट्रातली पहिलीपासूनची इंग्रजी साधारण एकाच वयाच्या आहेत. २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी ती पाचवीपासून असायची. म्हणजे आज इथे बसलेल्या पालकांपैकी जे मराठी शाळेत शिकले, त्यातल्या बहुतेकांनी एबीसीडी पाचवीत गिरवली. म्हणूनच त्यांच्या मनात एक साधा हिशेब असतो : आम्ही पाचवीत सुरुवात केली, आमचा मुलगा पहिलीत सुरुवात करून सहावीत आला, मग तो अजून फाडफाड इंग्रजी का बोलत नाही? लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या मांडवात हा प्रश्न मला विचारला जातो. त्याला जोडून दुसरा येतो : "काका, शाळा बदलू का?"

हिशेबच करायचा तर नीट करू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी, आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. समजा, इंग्रजीचा तास रोज आहे आणि तो ३५ मिनिटांचा आहे. हजेरी धरू नका, बाई काही शिकवतात हेही धरू नका. सगळा तास मुलांनाच बोलायला दिला, तरी एकेका मुलाच्या वाट्याला दिवसाला एक मिनिट येतं. वर्षाची २२० मिनिटं, म्हणजे पावणेचार ताससुद्धा नाहीत. वर्गात ६० मुलं असतील तर दोन तासांच्या थोडं वर. वर्षाला दोन-चार तास बोलून कुठली भाषा बोलता येईल? आपण मराठी बोलायला शिकलो तेव्हा दिवसभर बोलत होतो, आणि ऐकून घ्यायला घरभर माणसं होती.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की अस्खलित बोलणं ही मागणी या तासाकडे करू नये. ती तो पुरी करू शकत नाही, आणि मग आपण शिक्षकांवर नाहीतर मुलावर रागावतो.

मग मागायचं काय? वाचन. वर्गात ६० मुलं असली तरी ६० मुलं एकाच वेळी वाचू शकतात. त्यात कुणाचं मिनिट कुणी खात नाही. पाचवीपर्यंत पुस्तकात चित्रं, गाणी, छोटे संवाद जास्त असतात. सहावीपासून परिच्छेद लांब होतात, आणि 'कोण' आणि 'कुठे' यांच्या बरोबरीने 'का' आणि 'कसं' हे प्रश्न येतात. नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवी हा वेगळा टप्पा मानला आहे. पुढे नववी-दहावीला सगळ्याच विषयांचा भार वाढतो, तेव्हा वाचायला शिकायला सवड राहत नाही. ती सवड या तीन वर्षांत आहे.

आठवी संपताना मुलाला काय यावं अशी अपेक्षा ठेवावी, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. न शिकवलेलं, पण त्याच्या इयत्तेला झेपेल असं एक पान त्याने एकट्याने वाचावं आणि त्यात काय म्हटलं आहे ते सांगावं. अडलेला शब्द शब्दकोशात शोधता यावा, आणि चार अर्थांपैकी इथे कुठला लागतो ते ठरवता यावं. पत्र, सूचना, सहलीचं वर्णन असं काहीतरी आठ-दहा ओळी स्वतःच्या मनाने लिहिता यावं. आणि वर्गात उभं राहून एखादा प्रश्न इंग्रजीत विचारायची भीड मोडलेली असावी. एवढं झालं तर तास सत्कारणी लागला म्हणा.

आपल्याकडची मुलं तीन प्रकारच्या शाळांत जातात, तेव्हा थोडा फरक लक्षात घ्या. मराठी माध्यमात इंग्रजी ही तिसरी भाषा आहे, राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमात ती प्रथम भाषा आहे. त्यामुळे दोघांचं बालभारतीचं इंग्रजीचं पुस्तकही वेगळं असतं. सीबीएसईची पुस्तकं आणखी निराळी. वरच्या मजल्यावरच्या मुलीचं पुस्तक जाड आहे म्हणून आपल्या मुलाला नावं ठेवू नयेत. सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीत असतं. तिथे वाचून समजणं जास्तच महत्त्वाचं, कारण वाक्य कळलं नाही तर येत असलेलं गणितही चुकतं.

आता चुकांबद्दल. मुलांच्या वह्या पाहिल्या की त्याच त्या चुका दिसतात, आणि त्यांना कारण असतं. मराठीत आपण 'टेबलावर' म्हणतो, 'वर' मागून येतं. इंग्रजीत 'ऑन' आधी येतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी, इंग्रजीत ते मधे. 'अ', 'अॅन', 'द' यांच्यासारखं मराठीत काही नाहीच, मग ते कुठे लावायचे हे मुलाला कुठून कळणार? बी-यू-टी बट आणि पी-यू-टी पुट, याचा जाब तर त्याने आपल्यालाच विचारायला हवा. काही चुका चक्क प्रगतीच्या असतात. मूल 'डिड यू वेंट' म्हणतं, कारण प्रश्न भूतकाळातला आहे हे त्याला कळलेलं असतं. फक्त भूतकाळ एकदाच दाखवायचा, हे अजून कळलेलं नसतं. 'गो'चं 'गोड' करणाऱ्या मुलाला नियम समजला आहे, अपवाद राहिला आहे. तो 'गोड' आपण गोड मानून घ्यावा, आणि पुढच्या वाक्यात बरोबर रूप आपण सहज वापरावं.

इथे मला एका मुलीबद्दल सांगायचं आहे. नाव सांगत नाही, ती या सोसायटीतली नाही. सहावीत ती छान मोठ्याने वाचायची. घरी पाहुणे आले की तिला उभं करून "इंग्रजी बोलून दाखव" म्हणायचे. एकदा ती चुकली, सगळे हसले. प्रेमानेच हसले, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यानंतर सातवीचं जवळजवळ वर्षभर तिने इंग्रजीत तोंड उघडलं नाही. घरी नाही, वर्गात नाही, माझ्याकडेही नाही. बारा-तेरा वर्षांचं वय असं असतं, की अंगावर चापट बसलेली विसरतात, पण हसलेलं विसरत नाहीत. पुढे ती हळूहळू वाचू लागली, पण मोठ्याने नाही. मंडळी, वर्गात जे एक मिनिट तिच्या वाट्याला होतं, तेसुद्धा घरच्या त्या हसण्याने गेलं. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, पाहुण्यांसमोर मुलांची परीक्षा घेऊ नका.

शाळा बदलण्याबद्दलही एक सांगतो. सहावी-सातवीत मराठी माध्यमातून एकदम इंग्रजी माध्यमात टाकलेला एक मुलगा मी जवळून पाहिला. त्याला विज्ञानाची आवड होती, सतत प्रश्न विचारायचा. नव्या शाळेत विज्ञानाची उत्तरं तो पाठ करू लागला, आणि त्याचे प्रश्न थांबले. काही मुलं निभावून नेतात, मी नाही म्हणत नाही. पण निर्णय घेण्याआधी एवढं पाहा : नव्या पुस्तकातलं विज्ञानाचं एक पान त्याला एकट्याला वाचायला द्या. ते त्याला समजलं का, हे पाहून ठरवा. इतरांची मुलं काय करतात यावरून ठरवू नका.

गुणांचं काय, असं तुम्ही विचाराल. आठवीपर्यंत आपल्याकडे आकारिक आणि संकलित असं दोन भागांत मूल्यमापन होतं. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रकल्प, वर्गातलं काम येतं. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. प्रगतिपुस्तकावरची श्रेणी जरूर पाहा, पण तेवढ्याने समजत नाही. गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवूनही चांगली श्रेणी मिळते. वही उघडा. मुलाचं स्वतःचं वाक्य किती ठिकाणी आहे ते पाहा. सगळी उत्तरं बिनचूक आणि शेजारच्या मुलाच्या वहीशी तंतोतंत जुळणारी असतील, तर बँकेतल्या सवयीने मला तरी शंका येते. चार चुका असलेलं पण स्वतःचं लिहिलेलं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं.

पालक सभेत "इंग्रजी कच्चं आहे का?" एवढंच विचारू नका. त्याला बाई "हो, सराव घ्या" याशिवाय काय सांगणार? विचारायचं ते असं : न पाहिलेला उतारा तो वाचतो का? वर्गात वाचायला उठतो का? स्वतःच्या मनाने लिहायला दिलं तर काय करतो? शिक्षकांनाही अशा प्रश्नांची उत्तरं द्यायला आवडतात.

आता खास करून आमच्या ताई-वहिनींसाठी. पुष्कळ जणी म्हणतात, "मला इंग्रजी येत नाही, मी कसा अभ्यास घेणार?" काही जणी त्यापायी शाळेच्या सभेलाही जात नाहीत. मी सांगतो, इंग्रजी न येता तुम्ही फार चांगली मदत करू शकता. रोज दहा मिनिटं मुलाला जवळ बसवा आणि म्हणा, "आज इंग्रजीत काय वाचलंस, ते मला मराठीत सांग." तुम्हाला खरंच येत नाही, म्हणून त्याला खरंच समजावून सांगावं लागतं. जिथे तो "म्हणजे ते असं काहीतरी..." म्हणून अडखळेल, तिथे त्याला समजलेलं नाही. मग म्हणा, "तेवढं परत वाच." झाली तुमची शिकवणी. आमच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून इंग्रजी घेतली. त्या पद्धतीला लोक आज नावं ठेवतात, पण एका भाषेतलं दुसरीत सांगताना अर्थाशी गाठ पडते, हे तिनेच आम्हाला शिकवलं. आणि घरात मराठी पुस्तक, वर्तमानपत्र वाचलं जाऊ द्या. ज्याला मराठीत गोष्टीचा धागा धरता येतो, त्याला इंग्रजीतही तो लवकर सापडतो, हे मी रविवारी दर आठवड्याला पाहतो.

शेवटी, हे सगळं कशासाठी? बँकेत माझ्यासमोर कर्जाच्या कागदांवर सह्या करणारी शेकडो माणसं बसली. कागद इंग्रजीत, बारीक अक्षरांत. त्यातली कितीतरी पदवीधर होती, मीटिंगमध्ये छान इंग्रजी बोलणारीही होती. तरी बहुतेक जण एकच विचारत, "साहेब, सही कुठे करू?" व्याजदर बदलता आहे की स्थिर, जामीनदारावर काय जबाबदारी येते, हे वाचून विचारणारा एखादाच. जामीनदार म्हणून सही केलेल्या माणसाला पुढे नोटीस जाते, तेव्हा तो म्हणतो, "मला माहीतच नव्हतं." कागदावर ते लिहिलेलं असतं. उद्या आपल्या मुलांना भाडेकरार, विम्याची पॉलिसी, नोकरीचं पत्र, औषधाच्या खोक्यावरची सूचना वाचायची आहे. तिथे फाडफाड बोलणं उपयोगी पडत नाही. शांतपणे बसून वाचणं आणि न कळलेलं विचारणं उपयोगी पडतं. ते सातवीच्या बाकावर सुरू होतं.

सोसायटीला माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, ऑफिसमधल्या रिकाम्या कपाटात मुलांसाठी सोपी इंग्रजी आणि मराठी पुस्तकं ठेवावीत. प्रत्येक घराने वाचून झालेली दोन दिली तरी कपाट भरेल. दुसरी, फलकावरच्या सूचना मराठीबरोबर इंग्रजीतही लावाव्यात, आणि त्या इंग्रजीत लिहिण्याचं काम सहावी ते आठवीच्या मुलांना द्यावं. सोमवारी पाणी दहाला बंद होणार, एवढंच लिहायचं असतं. चूक राहिली तर मोठ्यांनी हसायचं नाही. मुलांनीच ती शोधून खोडायची. रविवारी सकाळी दहा वाजता मी हॉलमध्ये असतोच. ज्यांना मुलांबरोबर बसायचं आहे, त्या आई-वडिलांनीही यावं. चहा माझ्याकडून.