शितावरून भाताची परीक्षा



गृहिणी एकच शीत चिमटीत दाबते आणि भात झाला की नाही ते सांगते. हे एकट्या शिताचे सामर्थ्य नव्हे. तांदूळ जुना की नवा, पाणी किती, आच कशी, हे तिला आधीच ठाऊक असते. शीत त्यात भर घालते. आज आम्ही ज्या संख्याशास्त्राविषयी बोलणार आहोत, त्याचे बीज एवढेच आहे.

टॉमस बेझ हा इंग्लंडातील एक धर्मोपदेशक. तो १७६१ साली वारला. त्याचा निबंध रिचर्ड प्राइस या स्नेह्याने १७६३ साली रॉयल सोसायटीपुढे आणला. पुढे लाप्लासने स्वतंत्रपणे हाच विचार मांडून तो वाढविला. हार्वर्डच्या रॉबर्ट श्लेफर यांनी १९५९ सालच्या आपल्या ग्रंथात तो व्यापारी निर्णयांना लावून दाखविला.

समजा, एका कारखान्यात शंभर उमेदवार आले. पूर्वानुभव असा की त्यांत वीसच कामास योग्य असतात. चाचणीत योग्यांपैकी शेकडा ८० उतरतात, पण अयोग्यांपैकीही शेकडा ३० उतरतात. म्हणजे १६ आणि २४ मिळून ४० जण उत्तीर्ण. त्यांत योग्य १६, म्हणजे शेकडा ४०! आता पहिलीशी संबंध नसलेली, पण तितक्याच गुणाची दुसरी चाचणी घ्या. दोन्हींत उतरलेला मनुष्य योग्य असण्याची संभाव्यता शेकडा ६४ होते. वीस, चाळीस, चौसष्ट : पुरावा येईल तसे मत पुढे सरकते.

संशोधकाचेही तेच. प्रशिक्षणाने उत्पादन वाढले काय? रूढ कसोटी सांगते की, काहीच फरक नसता तरी निदान एवढी तफावत योगायोगाने कितपत दिसली असती. चालकाला हवे असते ते निराळेच : फरक आहे असे कितपत मानावे? या दोन प्रश्नांची गल्लत आम्ही शिकलेली माणसेही करतो.

कोणी म्हणेल, आरंभीचे मत मनमानी नव्हे काय? असू शकेल. पण येथे ते उघड मांडावे लागते. दुसऱ्याने आपले मत घेऊन तोच हिशेब करावा. पुरावा पुरेसा असला की दोघे जवळ येतात. अपवाद एकच. ज्याने आरंभी शून्य धरले, त्याला कितीही पुरावा द्या, शून्याचे शून्यच राहते. 'अमक्या गावचा मनुष्य कामाचा नाही' असे ठरवूनच बसलेल्या व्यवस्थापकाला कोणतेही शास्त्र शहाणे करू शकत नाही.

आणि आमच्या हिशेबातले एक राहिले. पहिल्या चाचणीत नापास झालेल्या साठांत चार जण योग्य होते. ते रिकाम्या हाताने घरी गेले. आकडे मांडताना त्या चार घरांची आठवण ठेवावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.