पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू कॉम्प्युटरमध्ये नेमकं करतेस काय?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. म्हणून माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते.

आठवीत बाई पालकांसाठी चिठ्ठी द्यायच्या आणि बजावायच्या, "उद्या सही घेऊन ये." चिठ्ठी दप्तरात गेली म्हणजे घरी पोचली, असं त्यांनी कधीच धरलं नाही. माझी एक चिठ्ठी दोन दिवस भूमितीच्या पुस्तकात होती, हे आज कबूल करते.

इंजिनिअर झाल्यावर मी हा धडा विसरले. परभणीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी प्रोग्राम लिहिला होता. बटण दाबलं की रिपोर्ट ईमेलनं डॉक्टरांकडे जायचा आणि पडद्यावर 'पाठवला' असं यायचं. एका संध्याकाळी लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, मोडेम मात्र बंद पडला. तरी पडद्यावर 'पाठवला' आलंच. रिपोर्ट डेंग्यूच्या पेशंटचा होता, प्लेटलेट्स फार कमी झालेल्या. पेशंटला नांदेडला हलवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी रात्री दहापर्यंत वाट पाहिली आणि शेवटी स्वतः फोन केला. पेशंट वाचला, पण त्या फोनमुळे. माझ्या प्रोग्राममुळे नाही.

ईमेल पाठवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२ सालचे आहेत. मजकूर संपला की आपला कॉम्प्युटर एका ओळीत नुसतं एक टिंब पाठवतो. त्यावर समोरच्या सर्व्हरनं २५० हा आकडा दिला, तरच त्यानं पत्राची जबाबदारी घेतली. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'थोड्या वेळानं या'. ५ ने सुरू होणारा म्हणजे 'हे चालणार नाही'. मग तेच पुन्हा पाठवण्यात अर्थ नसतो, पत्ता, पासवर्ड तपासावा लागतो. माझा प्रोग्राम उत्तराकडे बघतच नव्हता. चिठ्ठी दिली, सही पाहिली नाही!

मग मी तो बदलला. रिपोर्ट आधी हार्डडिस्कवरच्या यादीत लिहायचा आणि २५० आल्यावरच तिथून काढायचा. आकडा आला नाही तर पाच मिनिटांनी, मग पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तरी यादी शाबूत. कधी २५० वाटेतच हरवतो आणि रिपोर्ट दोनदा जातो. ते परवडतं, न जाणं परवडत नाही. अर्ध्या तासात गेला नाही, तर पडद्यावर लाल अक्षरं: 'डॉक्टरांना फोन करा.'

आणि २५० म्हणजे पत्र पोस्टानं घेतलं एवढंच. डॉक्टरांनी वाचलं असं नाही. म्हणून जिवावरचा रिपोर्ट असला की लॅबमधून फोन होतोच. तेही मीच पडद्यावर लिहून ठेवलंय.

बाई, तुम्ही समोरच बसला आहात. त्या चिठ्ठीवरची सही दोन दिवस उशिरा आणली, माफ करा. पण सही का मागायची, ते मात्र आता नीट कळलंय.